परतीचा पाऊस, फेब्रुवारीचं ऊन आणि मधले शंभर दिवस : बेळगावकडच्या परसात हिवाळी भाजी कशी साधायची

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास बेळगावात एकच तक्रार कानावर येते. गणपती झाले, आता पाऊस सरला म्हणून कुणी कोबीची, टोमॅटोची रोपं आणून लावतं आणि हस्ताच्या दोन सरी अशा येतात की सकाळी वाफ्यात नुसता चिखल उरतो. मग दिवाळीपर्यंत हात बांधून बसायचं. दिवाळी झाली की पुन्हा बी टाकायचं. फ्लॉवरचा गड्डा धरायची वेळ येते तेव्हा फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर आलेलं असतं. गड्डा पिवळा पडतो, विस्कटतो, मुळा जाळीदार होतो, कोथिंबीर हातभर होण्याआधीच फुलावर येते. "यंदा हंगामच लागला नाही," म्हणून परडं पुन्हा तणाच्या हवाली होतं.

हंगाम दरवर्षी लागतो, फक्त तो आखूड असतो. हिवाळी भाज्यांना मनापासून मानवणारी हवा आपल्याकडे साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकते. म्हणजे जेमतेम शंभर दिवस. त्यातले पुढचे दिवस परतीचा पाऊस खातो आणि मागचे दिवस ऊन खातं. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात याहून कठीण गणित असतं. तिथे सप्टेंबरातच बर्फ पडू शकतो. २०१८ च्या सप्टेंबरअखेरीस तिथे असाच अवेळी बर्फ पडला आणि फळांनी लगडलेल्या सफरचंदाच्या बागांचं नुकसान झालं. तरीही लाहौलमधला वाटाणा आणि बटाटा नावाजलेला आहे, कारण तिथला शेतकरी हंगाम कधी संपणार हे आधी बघतो आणि तिथून मागे मोजत पेरणीची तारीख ठरवतो. आपणही तेच करायला हवं. आपल्याकडे दार बर्फ लावत नाही, ऊन लावतं, एवढाच फरक. आणि मागे मोजत आलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते: रोपांचं काम पाऊस थांबल्यावर नव्हे, पाऊस चालू असतानाच आडोशाला उरकावं लागतं.

आपली जागा आधी ओळखा

बेळगाव जिल्हा म्हटला तरी हवा एक नाही. कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडे पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात, तर अथणी-रायबागकडे वर्षाला ५००-६०० मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. या उंचीमुळेच डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १२ ते १५ अंश अशी भाजीला हवी तशी हवा मिळते. जमिनीचंही तसंच. उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णी, खानापूरच्या पश्चिमेला लाल माती. पाणी पटकन निचरून जातं, पण पावसानं धुऊन धुऊन ती आंबट झालेली असते. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या भाताच्या शिवारात आणि पूर्वेला बैलहोंगल-गोकाककडे काळी जमीन. ती कसदार असते, पण एकदा भिजली की आठ-दहा दिवस पाय ठेवू देत नाही.

लाल मातीवाल्यांना हंगाम आठ-दहा दिवस आधी सुरू करता येतो, पण फेब्रुवारीत पाणी दुप्पट द्यावं लागतं. काळ्या मातीवाल्यांची लावणी उशिरा होते, पण ओल टिकते. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपल्या शिवारांत मसूर, वाटाणा, हरभरा येतो तो याच गुणावर. शेजारणीनं दसऱ्याला लावलं म्हणून आपणही लावावं असं नाही. तिची माती लाल असेल आणि तुमची काळी, तर तुमची तारीख वेगळी.

माती तपासून घेतली तर फारच चांगलं. मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी केली की नमुना कसा घ्यायचा, कुठे द्यायचा ते सांगतात. लाल माती आंबट निघाली तर लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम शेतीचा चुना मातीत मिसळा. ताजं शेणखत आणि चुना एकाच दिवशी टाकू नका, नत्र हवेत उडून जातं. बटाटा लावणार असाल तो वाफा चुन्याविना ठेवा, नाहीतर बटाट्याच्या सालीवर खवले येतात. काळ्या मातीत चुन्याचा प्रश्नच नाही.

तारीख मागून मोजा

एक उदाहरण पूर्ण करून बघू. फ्लॉवरचा गड्डा पांढरा, घट्ट हवा असेल तर तो जानेवारीअखेर काढून झाला पाहिजे. मध्यम मुदतीच्या वाणाला लावणीपासून साधारण ७५ दिवस लागतात. ३१ जानेवारीपासून ७५ दिवस मागे गेलं की १७ नोव्हेंबर येतो. रोप तयार व्हायला २८ दिवस, म्हणजे बी टाकायची तारीख २० ऑक्टोबर. ही शेवटची तारीख झाली, चांगली नव्हे. मधे चार दिवस ढग राहिले, एखादी सर आली, रोपं कोलमडली, तर हाताशी काहीच उरत नाही. म्हणून १५ ते २० सप्टेंबरला बी टाकायचं आणि ऑक्टोबरच्या मध्याला रोपं लावायला तयार ठेवायची. पावसानं आठ दिवस खाल्ले तरी चालतं. दिवाळीनंतर, समजा १० नोव्हेंबरला बी टाकणाऱ्याचा गड्डा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि तिथेच सगळं बिघडतं.

वाटाण्यासाठी मी भोगी धरते. भोगीच्या भाजीत घरचा वाटाणा, पावटा, गाजर, वांगी पडावीत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी १३-१४ जानेवारी ही पक्की तारीख आहे. वाटाण्याला शेंगा भरेपर्यंत ६० ते ७५ दिवस लागतात, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी मातीत हवं. दुपारचं ऊन ३० अंशांच्या वर राहायला लागलं की वाटाण्याची फुलं गळतात, त्यामुळे फार उशीर करून उपयोग नाही. गाजराला ८५-९० दिवस, तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरून घ्या. रंग आणि गोडवा हवा तर गाजराला थंड रात्री मिळाल्याच पाहिजेत. लसणाला चार महिने लागतात आणि गड्डा धरायला थंडी लागते, तोही याच काळात. नवलकोल लावणीपासून ४५-५० दिवसांत, गोल्डन एकरसारखा लवकर येणारा कोबी ६०-६५ दिवसांत, बीट ६० ते ७० दिवसांत तयार होतं. बीन्सला ४५-५० दिवस पुरतात.

पालेभाज्यांचं वेगळं. मेथी २५-३० दिवसांत, पालक आणि शेपू महिना-सव्वा महिन्यात, कोथिंबीर आणि मुळा ४०-४५ दिवसांत. त्या एकदम पेरायच्या नाहीत. दर दहा-बारा दिवसांनी हातभर रुंद पट्टा पेरत गेलं की रोज ताटात ताजी भाजी येते आणि एखाद्या पावसात एक पट्टा गेला तरी बाकीचे वाचतात.

वाणांची निवड करताना दुकानदार देईल ते घेऊ नका, पाकिटावरची मुदत वाचा. आखूड हंगामात मुदत हाच पहिला गुण. बेंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का' वाण आपल्या हवेत चांगले टिकतात. टोमॅटोत अर्का रक्षक हा पर्णगुच्छ (पानं आकसून गोळा होणं), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही, आणि पावसाच्या शेपटावर लावायच्या टोमॅटोला नेमके हेच तीन शत्रू असतात. वांग्यात अर्का केशव किंवा अर्का निधी मरेला तग धरतात. वाटाण्यात अर्का अजित भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला टिकतो. फ्लॉवरच्या बाबतीत लवकर, मध्यम, उशिरा असे गट असतात. थंडीतला वाण सप्टेंबरात लावला तर नुसती पानंच वाढत राहतात, आणि लवकरचा वाण डिसेंबरात लावला तर कितीही खत घाला, गड्डा बटणाएवढाच राहतो.

पावसात रोपं करणे

या कामावर सगळा हंगाम उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

गणपतीच्या आसपास घराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला, जिथे सकाळचं ऊन चार तास तरी येतं अशी जागा बघा. पत्र्याच्या किंवा कौलांच्या वळचणीखाली मात्र नको, तिथे पागोळ्यांचं पाणी पडतं. जमिनीवर रोपं करायची असतील तर एक मीटर रुंद आणि १५-२० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. कमी जागा असेल तर ९८ कप्प्यांचे ट्रे आणि कोकोपीट वापरा. ट्रे नसतील तर करवंट्या, दह्याचे डबे, तळाला भोक पाडून काहीही चालतं. त्यात भरायचं मिश्रण सोपं आहे: दोन घमेली चाळलेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू किंवा कोकोपीट. पावसाळ्यात माती उन्हात तापवून निर्जंतुक करता येत नाही, म्हणून मिश्रणावर उकळतं पाणी ओतून ते गार होऊ द्या. थोड्या रोपांसाठी एवढं पुरतं.

बी टाकण्याआधी चमचाभर पाण्यात चिमूट-दोन चिमूट ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) कालवून बियांना चोळा, सावलीत सुकवा. कोबी, फ्लॉवर, टोमॅटोचं बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. ओळीत दोन बोटांचं अंतर ठेवा. दाट पेरलेली रोपं उंच, पांढुरकी आणि लुकडी होतात आणि पहिल्या वाऱ्याला आडवी होतात.

आता आडोसा. बांबूच्या कामट्या किंवा जुनी पीव्हीसी पाइप कमानीसारखी वाकवून वाफ्यावर रोवा, मध्यावर ६०-७५ सेंटिमीटर उंची येईल अशी. त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणा. दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा. सगळीकडून बंद केलेल्या प्लास्टिकमध्ये आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरतात, ते रोपांवर टपटपत राहतात आणि दोन रात्रींत रोपं कोलमडायला लागतात. कोलमडलेलं रोप उपटून बघा. पानं अजून हिरवी असतात, पण मातीलगतचा देठ सुतासारखा बारीक होऊन पिंगट झालेला असतो. हे वाळवीचं किंवा किड्याचं काम नाही, ओल्या मातीतली बुरशी आहे. तसं दिसलं की आजूबाजूची दोन-दोन इंच रोपं मातीसकट काढून टाका, पाणी बंद करा, वारा खेळू द्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला अडीच-तीन ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओता. घरी बोर्डो मिश्रण करायचं असेल तर १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत मिसळायचं. लोखंडी भांडं नको. मिश्रणात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी अजून घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि कोवळ्या रोपांवर निम्म्या तीव्रतेनं वापरा.

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर रोपांच्या अंगावर राहतं. ट्रे उचलून बघायची सवय लावा: हलका लागला तर पाणी, जड लागला तर नको. वरून माती सुकल्यासारखी दिसली म्हणून पाणी देणाऱ्यांची रोपं सर्वांत जास्त मरतात.

गोगलगाईंचा बंदोबस्त याच वेळी करावा लागतो. गोणपाट ओलं करून वाफ्याच्या कडेला रात्री पसरून ठेवा. पहाटे उलटं केलं की खाली त्या चिकटलेल्या सापडतात. चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाका. सलग आठवडाभर केलं की त्रास पुष्कळ कमी होतो.

टोमॅटो, कोबी, फ्लॉवर २५-३० दिवसांत, वांगी ३०-३५ दिवसांत, मिरची आणि ढबू ३५ ते ४५ दिवसांत लावणीला येतात. त्याआधीचा आठवडाभर पाणी हळूहळू कमी करा आणि पाऊस नसेल तेव्हा प्लास्टिक काढून पूर्ण ऊन दाखवा. असं काटक झालेलं रोप एखादी सर सोसतं, आडोशातून थेट उचलून लावलेलं सोसत नाही. आणि लागतील त्याच्या दीडपट रोपं करा. ही वरची जादा रोपं लावणीनंतरही तीन आठवडे ट्रेमध्ये राखून ठेवायची. पाऊस आलाच तर हंगाम तीच वाचवतात.

वाफे

सप्टेंबरातल्या उघडिपीत, माती फार ओली नसताना, वाफे करून ठेवा. सपाट वाफे या महिन्यांत नकोतच. एक मीटर रुंद, २०-२५ सेंटिमीटर उंच, लांबी जागेप्रमाणे. दोन वाफ्यांच्या मधली चरी ३०-४० सेंटिमीटर ठेवा आणि सगळ्या चऱ्या परड्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्याकडे उतरत्या करा. उतार कळत नसेल तर चरीत एक घागर पाणी ओता आणि ते कुठे जाऊन थांबतं ते बघा. जिथे थांबलं तिथे खणायचं आहे. शहापूर-वडगावकडे, जिथे बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात तुंबतं तिथल्या लोकांना हे सांगायला नको, पण शहरातल्या नव्या वसाहतींत कंपाउंडची भिंत पाणी अडवते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. भिंतीच्या तळाशी पाण्याला एक वाट हवीच.

एक मीटर बाय तीन मीटरच्या वाफ्याला शिगोशीग भरलेलं एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड पुरे. कच्चं शेण घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. वाफा तयार झाला की लगेच भाताच्या पिंजराचा पातळ थर अंथरून झाकून टाका. उघड्या वाफ्यावर हस्ताच्या सरी पडल्या की माती थापली जाते आणि वाळल्यावर भाकरीच्या पापुद्र्यासारखी खपली धरते. त्या खपलीतून मेथीचं बीसुद्धा वर येत नाही.

जिथे गेल्या पावसाळ्यात बटाटा, मिरची, वांगं किंवा टोमॅटो होता तिथे टोमॅटो-वांगं लावू नका. आपल्या लाल मातीत जिवाणूजन्य मर वर्षानुवर्षं दबून राहते. रोप दुपारी माना टाकतं, सकाळी ताजं दिसतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरव्याचं हिरवं वाळून जातं. खात्री करून घ्यायची असेल तर बुंध्याजवळचा देठ कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. मर असेल तर मिनिट-दोन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसतो. तसं दिसलं तर त्या जागी दोन-तीन वर्षं मका, कोबी, कांदा, पालेभाज्या घ्या. औषधाच्या मागे पैसे घालवू नका.

लावणी : कॅलेंडर नव्हे, वाफसा बघा

मोसमी पाऊस आपल्या भागातून ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास परततो. हे सरासरीचं बोलणं झालं. 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' आणि 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' असं आपली जुनी माणसं म्हणत आली. चित्रा नक्षत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण २३ तारखेपर्यंत आणि स्वाती त्यापुढे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं. म्हणजे त्या दिवसांत पाऊस पडतो हे पूर्वीपासून धरूनच चाललेले आहेत. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं आणि २०२१ चा नोव्हेंबर तर कर्नाटकभर अवकाळी पावसाचा गेला, कापलेलं भात शेतातच भिजलं. तेव्हा तारीख ठरवून लावणी करण्यात अर्थ नाही. रोपं तयार ठेवायची आणि माती सांगेल तेव्हा, म्हणजे वाफसा (लावणीजोगी बेताची ओल) आल्यावर लावायची.

वाफ्यातून चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्या, घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा तसाच राहिला किंवा चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा. फुटून तुकडे झाले तर वाफसा आलाय. गोळाच होत नसेल तर आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. लाल मातीत जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत वाफसा येतो. काळ्या मातीत आठवडा किंवा जास्त. ओल्या काळ्या मातीत घाईनं खुरपं घातलं तर ढेकळं होतात आणि ती पूर्ण हंगाम मोडत नाहीत.

लावणी संध्याकाळी चारनंतर करा. कोबी-फ्लॉवर दीड फुटावर, टोमॅटो दोन फुटांवर, नवलकोल वितीभर अंतरावर. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून थोडं खोल लावा, देठालाही मुळं फुटतात. कोबी-फ्लॉवरचा शेंडा मात्र मातीत जाऊ देऊ नका. टोमॅटोला काठी लावणीच्याच दिवशी रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. पंधरवड्यानं पिंजराचा थर दोन-तीन इंचांचा करा. त्याआधी जाड थर घातला तर खाली गोगलगाई लपतात.

कोबीच्या वाफ्याच्या कडेनं मोहरीची एक ओळ पेरून ठेवा. चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी घालायला आधी मोहरीवर जातो. अळ्या दिसल्या की मोहरी उपटून टाकायची.

खानापूरच्या जंगलाला लागून घर असेल तर माकडं, डुकरं आणि गव्यांपुढे परसातली भाजी टिकवणं अवघड आहे. तिथे उघड्यावर वाटाणा-गाजर लावण्यापेक्षा घराला खेटून, जाळीच्या आत एकच वाफा करावा, असं मला वाटतं.

लावल्यावर पाऊस आलाच तर

पाऊस थांबल्याबरोबर वाफ्यात शिरू नका. ओल्या मातीवर पाय दिला की मुळांभोवतीची हवा जाते. आधी चऱ्या बघा, कुठे पालापाचोळा अडकून पाणी तुंबलं असेल तर बाहेरूनच काठीनं वाट करून द्या. चोवीस तासांच्या वर मुळाशी पाणी राहिलं तर टोमॅटो आणि मिरची सहसा सावरत नाहीत, कोबी थोडा जास्त सोसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानांवर उडालेला चिखल झारीनं हलकेच धुऊन टाका. चिखलाबरोबर मातीतली बुरशी पानावर बसते आणि आठवड्याभरात करप्याचे गोल डाग दिसायला लागतात. मातीला टेकलेली खालची पानं खुडा. पानं सुकल्यावर कॉपरची किंवा एक टक्का बोर्डोची एक फवारणी करा. वाफसा आला की खुरप्यानं वरची खपली फोडा, अगदी वरवर, अर्धा इंच. हे एक काम न केल्यामुळे पुष्कळ रोपं तग धरूनही वाढत नाहीत.

जोराच्या पावसानं नत्र धुऊन जातं. पानं फिकट पडली तर जीवामृत द्या. परसासाठी अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती दहा लिटर पाण्यात कालवून, दिवसातून दोनदा ढवळत दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचं आणि मुळाशी ओतायचं.

मेलेल्या रोपांच्या जागी राखून ठेवलेली रोपं लावा. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटून गेला असेल तर फ्लॉवरची जागा फ्लॉवरनं भरू नका. तिथे नवलकोल, मुळा, बीन्स किंवा मेथी घ्या. उरलेले दिवस मोजायचे आणि त्यात बसेल तेच लावायचं.

थंडीतले दोन महिने

इथे काम फार नाही. लाल मातीत तीन-चार दिवसांनी, काळ्या मातीत आठवड्यानं पाणी. बंगालच्या उपसागरात वादळ झालं की आपल्याकडे दोन-चार दिवस ढग येतात, आणि ढगांमागून मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) येतो. पानाची मागची बाजू बघत जा. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवाराही पुरतो, वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यानं गाळून एकूण दहा लिटर करायचा आणि त्यात थोडा साबणचुरा. पहाटे दव आणि धुकं असतं त्या दिवसांत वाटाण्यावर भुरी आणि कांद्यावर करपा येतो. रोपं विरळ ठेवली असतील तर कमी येतो.

फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढा झाला की आतली दोन पानं मोडून त्यावर झाका, पांढरा राहतो. गड्ड्यावर तपकिरी डाग आणि आतला दांडा पोकळ दिसला तर बोरॉनची कमतरता आहे. लाल मातीत हे नेहमीचं. पुढच्या वर्षी वाफा करताना चौरस मीटरला एक-दीड ग्रॅम बोरॅक्स वाळूत मिसळून टाका. जास्त झालं तर विष होतं, म्हणून चमच्यानं अंदाज न घेता वजन करून घ्या.

ऊन चढायला लागलं की

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून गड्डे वाफ्यात राखत बसू नका. तयार कोबी उभा ठेवला की एका भरपूर पाण्यानंतर तडकतो. मुळा, बीट, नवलकोल कोवळे असतानाच काढा. टोमॅटो अजून महिनाभर फळ देतो, त्याला पिंजराचा जाड थर आणि दुपारच्या उन्हाला ५० टक्क्यांची शेडनेट द्या. कोथिंबिरीचा शेवटचा पट्टाही त्याच जाळीखाली टिकतो.

बियांसाठी मेथीचा एक कोपरा आणि वाटाण्याचे दोन-तीन चांगले वेल न खुडता सोडा. शेंगा वेलावरच वाळू द्या. घरचं बी सरळ वाणांचंच धरावं. अर्का रक्षकसारख्या संकरित टोमॅटोचं बी दरवर्षी नवंच आणावं लागतं. वाळलेलं बी चुलीतल्या चाळलेल्या राखेत घोळून काचेच्या बरणीत भरा, वर चिठ्ठी लावा: वाणाचं नाव, बी कधी धरलं आणि त्या वर्षी शेवटचा मोठा पाऊस कोणत्या तारखेला पडला. सप्टेंबरात बरणी उघडताना ती तिसरी नोंद सगळ्यात आधी वाचली जाते.